इंजिनाला लावलेलं गंध

तंजावुरात खंडेनवमीला घरातलं जे जे फिरतं, कापतं किंवा ठोकतं, त्याला गंध लागतं. आमच्या देवापुढच्या पाटावर कुणा पूर्वजाची गंजकी तलवार, विळी, शिवणाची कात्री आणि वडिलांचे पाने-पक्कड एका रांगेत बसत. सारं गाव त्या दिवसाला आयुधपूजा म्हणे, आमचं आपलं खंडेनवमी. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत पाटावरच्या कशालाही हात लावायचा नाही. अंगणातल्या गाडीच्या चाकांखाली लिंबं आणि नाकावर झेंडूचा हार असे.

ती गाडी वडिलांनी कुणाकडून तरी वापरलेली घेतली होती. नव्या, गुळगुळीत गाड्या गावात दिसू लागल्याचे ते दिवस. येणारा-जाणारा आमच्या गाडीकडे पाहून ‘अजून ठेवलीय?’ असं विचारी आणि माझं डोकं फिरे. माझ्या रागाला तसं निमित्त लागतच नसे. पण त्या उन्हाळ्यात आईचं उजवं अंग लुळं पडलं, तेव्हा ह्याच गाडीने एका किल्लीत सुरू होऊन तिला इस्पितळात पोचवलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

आई ते विसरली नव्हती. दर वर्षी ती चाकांना आणि दिव्यांना गंध लावी. त्या वर्षी तिला वाकता येईना, म्हणून वडिलांनी बॉनेट उघडलं आणि पुढ्यात खुर्ची टाकली. तिने डाव्या हाताने वाटीतलं गंध घेतलं. गुलाबपाण्यात उगाळलेलं, चांगलं पळीवाढं. जिथे बोट पोचलं तिथे तिने ते लावलं, आणि एकदा नव्हे, दोनदा-तीनदा. वडील शेजारी उभे राहून कौतुकाने पाहत होते. मीही काही बोलले नाही, म्हणजे मलाही गहिवरून आलं असणार.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आम्हाला पापनाशमला जायचं होतं. तिथे आईचे थोरले भाऊ, माझे मामा, राहत. त्यांचा मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीत होता, तो त्यांना कायमचं तिकडे नेत होता. सकाळच्या मद्रासच्या आगगाडीने ते निघणार होते. मामांच्या गुडघ्यांनी कधीचाच संप पुकारला होता, त्यामुळे ते आमच्याकडे येऊ शकले नव्हते, आणि आईला बसच्या पायऱ्या चढवणं शक्य नव्हतं. दोघंही सत्तरीकडे झुकलेली. पुन्हा भेट होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. रेशमी लुगडं नेसून आई सकाळीच मागच्या सीटवर जाऊन बसली होती.

मी किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच खर्र खर्र फिरत राहिलं, पेटेना.

“पुरे, बॅटरी खाऊं नको,” वडील म्हणाले. “सेल्फ फिरतें कीं? मग बॅटरी नव्हे. खालीं उतर.”

मी टॅक्सीस्टँडवर धावले. तिथे एकही गाडी नव्हती, सगळ्या देवदर्शनाच्या सहलींना गेल्या होत्या. गॅरेजला टाळं, त्यावर हार. परत आले तर वडील हात पाठीमागे बांधून इंजिनाकडे बघत उभे. मी उखडले. “अप्पा, बघत काय बसलात? प्लग काढा ना!”

“पाना पूजेंत आहे.”

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. वडील मुकाट्याने आत गेले. आयुष्यात त्यांनी इतकी आखूड उत्तरपूजा कधी केली नसेल. हात जोडले, फूल उचललं आणि पाना घेऊन बाहेर आले.

गाडीला आधी विचारायचं आणि मग हात लावायचा, ही त्यांची रीत. पेट्रोल येतं का? काढलेला प्लग पेट्रोलने ओला होता, म्हणजे येत होतं. मग ठिणगी? त्यांनी प्लग वायरीला जोडून इंजिनाच्या अंगाला टेकवला, मी किल्ली फिरवली. ठिणगी नाही. म्हणजे वीज वाटेतच कुठेतरी निसटत होती. आम्ही दोघं वायरींच्या मागोमाग त्या काळ्या टोपीपर्यंत पोचलो, जिथून सगळ्या प्लगांना वीज वाटली जाते. टोपीवर गंधाचा थर होता. वायरी उपसल्या तर गुलाबपाणी खोबणींत उतरलेलं. रात्रीच्या दमट हवेत ते वाळलंच नव्हतं.

मी तोंड उघडलं. वडिलांनी माझा दंड धरला आणि मागच्या सीटकडे नुसतं पाहिलं. मग मोठ्याने म्हणाले, “पेट्रोलांत कचरा होता. आतां होईल.”

माझ्या जिभेला लगाम घालणारा तो एकच माणूस होता, आणि त्याबद्दल मी त्याची जन्माची ऋणी आहे.

टोपी आम्ही जुन्या मऊ धोतराने पुसली, चुलीवरून उतरवलेल्या दोश्याच्या तव्याच्या उबेवर धरली, फुंकली, पुन्हा पुसली. प्लग कोरडे केले. सगळं जागच्या जागी बसवल्यावर वडिलांनी पुसून काढलेल्या गंधातलं थोडं बोटावर घेतलं आणि एअर फिल्टरच्या झाकणावर, जिथे काही बिघडत नाही तिथे, एक टिळा लावला. मी किल्ली फिरवली. गाडी खोकली, शिंकली आणि सुरू झाली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले.

“दादास पाहूं,” मागून आई म्हणाली. आजारानंतर तिचे शब्द जड झाले होते, पण हे दोन स्वच्छ आले.

मी त्या रस्त्यावर गाडी कशी हाकली ते परमेश्वराला माहीत. थेट पापनाशम स्टेशनच्या आवारात पोचलो तेव्हा आगगाडी अजून आली नव्हती. मामा फलाटावरून काठी टेकत, लंगडत आमच्याकडे आले. पुढे मामा तिकडेच वारले, तेव्हा हीच शेवटची भेट ठरली.

आईला मोठ्या भावाला नमस्कार करायचा होता. ती सीटवरून हात खाली नेत राहिली, पण हात पोचेना. मामांनी ते पाहिलं. त्यांनी काठी माझ्याकडे दिली, चप्पल काढली, दाराची चौकट धरली आणि एक दुखरा पाय उचलून सीटच्या कडेवर, तिच्या हाताजवळ ठेवला. आईने पाय धरला. घंटा झाली, गाडी फलाटाला लागली, तरी मामा एका पायावर उभेच होते, आणि पडू नयेत म्हणून वडिलांनी त्यांना मागून कवेत धरलं होतं.