क्लेमचा बुलबार

आमच्या शेजारचा क्लेम टकवेल माणूस वाईट नाही, पण त्याला कुणी काही सांगितलेलं खपत नाही. सगळा जन्म गव्हाच्या शेतांवर हार्वेस्टर दुरुस्त करण्यात गेला, त्यामुळे चाकं असलेल्या प्रत्येक वस्तूतलं आपल्याला कळतं, असं तो धरूनच चालतो. रिटायर झाल्यावर त्याने एक लांबलचक कॅरव्हॅन, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, विकत घेतली. ओढायला जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी दारात होतीच.

"झेपेल का तिला?" मी कुंपणावरून विचारलं.

"साडेतीन टन ओढते. पुस्तकात लिहिलंय!"

पुस्तकाला पुढचं पानही होतं, ते त्याने उलटलं नव्हतं. ओढायची ताकद वेगळी आणि गाडीने स्वतःच्या अंगावर किती भार घ्यायचा, ते वेगळं. कॅरव्हॅनचं नाक गाडीच्या मागच्या हुकावर टेकतं, तो भार गाडीच्याच अंगावर. शिवाय माणसं, सामान, डिझेल. मर्यादा ओलांडली की पोलीस दंड करतात, आणि अपघात झाला तर विमावाले हात वर करतात.

क्लेमच्या गाडीच्या अंगावर तर निम्मं दुकान होतं. वाळूत रुतलो तर दोराने ओढून काढायला म्हणून विंच, पंक्चर झालं तर म्हणून दुसरी स्टेपनी. आणि सगळ्यांत पुढे बुलबार, जनावर धडकलं तर गाडी वाचवणारा लोखंडी कठडा. एकदा कांगारू धडकून रेडिएटर फुटला, तेव्हा जाड पाइप आणून त्याने हा बुलबार स्वतः वेल्ड केला होता. दर रविवारी पॉलिश. नोरीनच्या वाढदिवसाची तारीख तो विसरायचा, पॉलिश नाही.

नोरीन म्हणजे त्याची बायको. तिची थोरली बहीण विनी दूर पश्चिमेला एस्परन्स गावी राहते, ईस्टरला तिला ऐंशी पूर्ण होणार होती. कितीतरी वर्षांत दोघींची गाठ नव्हती. नोरीन विमानात बसत नाही, विनी आता घराबाहेर पडत नाही. पण वाटेतल्या माळरानावर नोरीनच्या दिराची कॅरव्हॅन जास्त वजनाने झोकांड्या खाऊन उलटली होती, ते ती विसरली नव्हती.

"काट्यावर पास झाल्याशिवाय मी गाडीत पाय ठेवणार नाही," तिने बजावलं. "विनीला फोनवर हॅपी बर्थडे म्हणेन." तोंडाने म्हणाली खरी, पण डोळे भरून आले होते.

म्हणून आम्ही धान्याच्या कोठाराजवळच्या वजनकाट्यावर गेलो. काट्यावर मर्ना असते. आमच्याकडे कॅरव्हॅन लावायची तर नवरा स्टिअरिंगवर आणि बायको बाहेर हातवारे करत, हा नियमच आहे. कित्येक संसारांना पहिला तडा तिथेच जातो.

"डावीकडे म्हटलं की तुझं डावं की माझं?" क्लेम खिडकीतून ओरडला.

"लग्न झाल्यापासून डावं एकच आहे रे, बाबा!"

शेवटी गाडी काट्यावर नीट उभी राहिली. मर्नाने खिडकीतून डोकं काढलं. "काठावर पास, क्लेम! गाडीत अजून वीस किलो चालतील."

"बघितलंस?" क्लेमने हॉर्न वाजवला.

नोरीनचे हात अजून वरच होते. "क्लेम, आत्ता मी कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? तिथे."

"मग वीस किलोत माझा एक पाय जाईल विनीकडे. बाकीची मी पोस्टाने येऊ का?"

क्लेमचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मला काट्याबाहेर उभ्या उभ्या हसू आवरेना. "तू मागे कॅरव्हॅनमध्ये बसलीस तर?" तो म्हणाला.

"बेकायदा आहे ते!" मर्ना आतून ओरडली.

"तुझं वजन तरी किती आहे?" हे त्याने चारचौघांत विचारलं. मर्ना खिडकी लावून आत गेली.

"तुझ्या त्या बुलबारएवढं," नोरीन म्हणाली आणि पायीच घरी निघाली.

संध्याकाळी क्लेम पायरीवर बसून बुलबारकडे बघत होता. "कांगारू आडवा आला तर?"

"हळू चालव," मी म्हणालो. "बुलबारला नेऊन विनीला भेटवणार आहेस का?" मला त्याचा खरंच राग आला होता.

त्याने बुलबारवरून एकदा हात फिरवला. सकाळी ग्राइंडरच्या आवाजाने जाग आली. बोल्ट गंजलेले होते, ते कापावे लागले. दुपारपर्यंत बुलबार विंचसकट माझ्या शेडमध्ये येऊन पडला, आणि गाडी कवळी काढलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसू लागली.

काट्यावरच्या दुसऱ्या खेपेला नोरीन पुढे बसली, बेल्ट लावून, मांडीवर विनीसाठी केलेल्या केकचा डबा. बाहेर हातवारे करायला मी होतो, आणि क्लेमने मला ज्या शिव्या घातल्या त्या ऐकून नोरीनबद्दलचा माझा आदर फार वाढला.

मर्नाने खिडकीतून अंगठा वर केला. "केकसकट पास!"

नोरीन हसली नाही. ती क्लेमकडे बघत होती.

"क्लेम, गाडी लावताना तुला आज पहिल्यांदाच आत बसून बघतेय. मला वाटायचं तू चिडतोस. तू तर घाबरतोस रे."

"घाबरणार नाही तर काय?" तो समोर बघत म्हणाला. "मागे घेताना बाहेरचा माणूस आरशातून दिसेनासा होतो, आणि एरवी तिथे तू असतेस. मग मला काही सुचत नाही."

नोरीनने डब्यावरचा एक हात काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. काट्यावर वजन तेवढंच राहिलं.

"मागे गव्हाचा ट्रक खोळंबलाय," मर्ना म्हणाली. "निघा आता. विनीला नमस्कार सांगा."