दुसऱ्यांदा घेतलेलं वजन

मुखेडजवळच्या एका गावात ते आजोबा मला एकदाच भेटले. पोषणाच्या एका पाहणीत मोजमापं तपासणं हे माझं काम. सकाळी आमच्या पथकातली मुलगी लेकरांची वजनं घ्यायची आणि दुपारी मी त्यातली काही, तिचे आकडे न बघता, पुन्हा घ्यायचो. फरक जास्त निघाला, तर तिला सगळं गाव पुन्हा मोजावं लागे.

आजोबा नातवाला कडेवर घेऊन आले. पोराच्या अंगात पातळ अंगडं होतं. तेवढं नियमात बसतं. काटा स्थिर होईपर्यंत आजोबांनी स्वतःचाच श्वास रोखून धरला.

आकडे ताडले, तर पोरगं अर्ध्या दिवसात पाव किलोनं वाढलेलं! मुलगी रडकुंडीला आली. "सर, मी नीटच मोजलं होतं."

मी अंगडं वर केलं. कमरेला चांदीचा जाडजूड करदोडा.

"आजोबा, हा सकाळी होता?"

"न्हाई. सकाळी ही पोरगीच हुती. आता सायब येनार म्हनल्यावर लेकरू तसंच आनू का?"

करदोडा काढून पुन्हा वजन केलं. सकाळचाच आकडा आला, मुलगी हसली. मी काटा उचलायला वाकलो, पण आजोबा हलेनात. त्यांनी मला दोन्ही आकड्यांची वजाबाकी मोठ्यानं करायला लावली.

"हाव, म्हंजी सोनार खरा निघाला! लई दिवसाची शंका हुती."

दुसऱ्यांदा मोजण्याचं महत्त्व इतक्या लवकर पटलेला माणूस मी पाहिला नव्हता.

"काटा ठिवा तसाच, सायब," ते म्हणाले. "सुनंचं पैंजण घिऊन येतो."