सेल मारायला माणूस लागतं

वॉटर पंप बदलायला दोन माणसं लागतात. आमच्या घरात आता एकच उरलंय.

आज तिला जाऊन वर्ष झालं. चार दिवसांचा ताप, जालन्याचा दवाखाना, आणि संपलं.

त्याबद्दल मला लिहायचं नाही. मला जीपबद्दल लिहायचंय. हसू नका, आम्हा नवराबायकोचं सगळ्यात जास्त बोलणं त्या जीपवरूनच झालं.

जीप जुनी. लिलावात घेतलेली, फोर बाय फोर. केदारखेड्याच्या काळ्या चिखलात ट्रॅक्टर फसतो तिथून ही निघते, म्हणून मी तिचे सगळे नखरे सोसतो.

मोठा नखरा वॉटर पंपाचा. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. तिथून पाणी टपकायला लागलं की पंप गेला समजायचं. पंखा काढायचा, पट्टा काढायचा, जुनं पॅकिंग खरवडायचं, नवा पंप बसवायचा. एवढं सगळं एकट्याला जमतं.

शेवटी मात्र सेल मारायला माणूस लागतं. एकानं सीटवर बसून किल्ली फिरवायची, दुसऱ्यानं बोनटमध्ये डोकं घालून गळतंय का ते बघायचं.

बायकोला गाडी चालवता येत नव्हती. पण सेल मारावा तर तिनंच.

मी आतून "हं" म्हणायचो, ती सेल मारायची. "बास" म्हणालो की बंद. बरीच वर्षं आमचं या दोन शब्दांवर भागलं.

एकदा मी पट्ट्याचा ताण बघत होतो, बोट पट्ट्याखाली. रस्त्यानं शेजारचे किसनअण्णा चालले होते. त्यांनी विचारलं, "काय रे, झालं का जेवण?"

मी म्हणालो, "हं."

तिनं सेल मारला.

बोट वाचलं, नख गेलं. हळद भरताना तिचं तोंड चालू होतं.

"आवो, तुम्हीच तं हं म्हन्ले."

"मी अण्णाला म्हणलो."

"मला काय म्हाईत? मी कव्हाची तुमच्या हंची वाट पाहून राह्यले. मंग माझं नाव घेऊन हाक मारीत जा न. नाव ऐकलं तरच सेल मारीन."

बिलकुल बराबर बोलली होती. पण भर गल्लीत, थोरामोठ्यांसमोर बायकोला नावानं हाक? माझ्या वयाच्या माणसाला आमच्याकडे हे जमत नाही. मी तिला कायम "ज्योतीची माय" म्हणालो. नाहीतर नुसतं "अगं ए".

मग मी शक्कल काढली. पान्यानं बोनटवर दोनदा ठोकलं की सेल मारायचा.

ती हसली. म्हणाली, "पत्र्याला बोलता, मला न्हाई बोलत."

पुढं आमच्या ज्योतीचं लग्न झालं. जावईबापू तिला सर्रास नावानं हाक मारतात. ही स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून ऐकायची. एकदा मला म्हणाली, "ऐकायला किती गोड लागतं न."

ती काय मागतेय ते मला कळलं होतं. मी पेपर वाचत राहिलो.

दवाखान्यात सिस्टरनं तिचं नाव पुकारलं, तर मी मागं वळून बघितलं, कोणाला बोलावतायत म्हणून. याची लाज मला अजून वाटते.

परवा पंप पुन्हा टपकायला लागला. वर्षश्राद्धाला सासूबाईंना धावड्याहून आणायचं होतं, आणि त्या आपल्या लेकीच्या या जीपशिवाय दुसऱ्या गाडीत बसत नाहीत. ज्योती फोनवर म्हणाली, "बाबा, मेकॅनिक बोलवा. नाहीतर विकूनच टाका आता ती गाडी."

हो म्हणालो, फोन ठेवला आणि पाना घेतला.

दुपारपर्यंत पंप बसला. पाणी भरलं. बोनटमध्ये डोकं घातलं आणि सवयीनं दोनदा ठोकलं.

काही झालं नाही. काय होणार होतं.

मग मी तिचं नाव घेतलं.

आधी हळू. मग मोठ्यानं. गल्लीतून कोणीतरी चाललं होतं, ते थांबून बघायला लागलं. बघू दे म्हणलं.

शेवटी हात पुसले आणि स्वतःच जाऊन सीटवर बसलो.

बोनट उघडं असताना त्या सीटवर मी कधी बसलोच नव्हतो.

तिथून काहीच दिसत नाही.

समोर नुसता उभा पत्रा. इंजिन दिसत नाही, माणूस दिसत नाही. सव्वीस वर्षं ती त्या पत्र्याकडे तोंड करून बसायची. माझ्या आवाजाशिवाय तिच्याकडे काहीच नव्हतं.

आणि मी तिला "हं" म्हणत होतो, नंतर तर नुसता पत्रा ठोकत होतो.

सेल मारला. उतरून पुढं जाऊन बघितलं. पंप गळत नाही. हे सांगायला घरात कोणी नव्हतं, म्हणून इंजिन चालू ठेवून बराच वेळ तिथंच उभा राहिलो.

कावेरी,
हाक मारायला फार उशीर केला मी.
तुझ्या आठवणीला नमस्कार.