काठीचे डोळे मीच बांधले

सायबानं काठीवरची माझी चिंधी सोडली अन् सगळ्या हापिसाला वर धरून दाखवली.

"देखो जी, लकडी को चड्डी पिन्हाए इनो!"

सगळे हसले. शिपाई हसला, रांगेतल्या बाया हसल्या. अन् माझी सुजाता, सात वर्षांची, जन्मापास्नं दिसत नाही तिला, तीबी हसली. तिला कसं कळावं कुणाला हसतात ते. ओठाला दोन टाके होते. हसताना रगत आलं.

काठी साधी नव्हती. मुठीखाली डबी, डबीला दोन बारीक डोळे. समोर काही आडवं आलं की मूठ थरथरायची. इथंच बनलेली, स्वस्तातली, आमच्यासारख्यांसाठी. ह्याच हापिसात देताना फोटो काढले. वापरायची कशी ते सांगायला एक मॅडम घरी येणार होती. तेवढ्यात राज्याचे दोन तुकडे झाले, हापिसं वाटली गेली, मॅडमची बदली तिकडं आंध्रात. कुणी आलंच नाही. खोक्यात कागद होता, इंग्रजीतला. माझी सातवीत शाळा सुटलेली, तीबी नांदेडकडची मराठी शाळा.

आमच्या घरात रिमोटलाबी प्लॅस्टिक असतंय. चांगली वस्तू झाकून ठेवायची, एवढंच मला म्हाईत. आत धूळ जाईल म्हणून जुन्या साडीची पिशवी शिवली, डबीवर चढवली, नाडी आवळली. मग मूठ सारखीच थरथरायला लागली. सुजाता म्हणायची, "आई, ही गपच बसंना." मी म्हणलं, "नवीन हाय, जोरात हाय."

अफझलगंजाच्या बाजारात लॉरीची मागची फळी उघडी होती. काठी तिच्या खालून मोकळी गेली, मूठ तर सारखीच थरथरत होती, सुजाताला कळलंच नाही. फळी तोंडावर.

सायबानं चिंधी सोडली तशी मूठ गप झाली, तवा कळलं, डोळ्यांपुढं चिंधीच आडवी होती. माझ्या हातानं झालं ते. माझ्या सुईनं.

काठी बिघडली का, एवढंच विचारायला आले होते. सायेब म्हणाला, "ये लोगां को देनाइच नै. किसी समझदार को देंगे." अन् काठी टेबलावर आपल्याकडं ठेवली.

ये लोगां. गावात आमच्या बौद्धवाड्याकडं बोट करून असंच म्हणायचे. माय मान खाली घालायची. मीबी घातली. तर खाली सुजाताचा हात दिसला. हवेत काठी शोधत होता.

मी काठी उचलली.

"नै देती. पैले सिखाओ."

"सिखानेवाली गयी ना अम्मा. स्टेट बट गया."

"तो तुम सिखाओ."

सायबाला येत नव्हतं. त्यालाबी येत नव्हतं! चड्डी म्हणून हसायला तेवढं येत होतं.

चूक माझी हाय, ती मी मरेस्तोवर वागवीन. पण शिकवलं नाही ती माझी नाही, ती मी अंगावर घेणार नाही. रोज जाते आता. लेकीला घेऊन टेबलासमोर उभी राहते. हाकलतात. भ्या वाटतं, तरी जाते. शिकवल्याबिगर हलणार नाही. अन् काठी त्यांना परत मिळायची नाही.