तांदळाची वरणफळं
"गव्हानं कोणी बिमार पडते का? शहरातले चोचले!" मी दारात चप्पल काढत असताना आरमोरीच्या आमच्या स्वयंपाकघरात शेजारीण म्हणाली. "चोचले नाई, बाई. पोरगी वाळून गेली होती," मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांची वहिनी, चिडून म्हणाली. गहू बाधतो हे कळल्यापासून मी कणकेची वरणफळं सोडली होती, म्हणून ती माझ्यासाठी तांदळाच्या पिठाची करत होती. लसणाच्या फोडणीचा वास आला की आजही मला ती दुपार आठवते. तुरीचं वरण रटरटत होतं, अर्धी फळं त्यात पडलीही होती. मी जवळ जाऊन बसले आणि पाहिलं, उकड पोळपाटाला चिकटू नये म्हणून तिने सवयीने कणकेच्या डब्यातलीच पिठी लावली होती. शेजारीण बघत होती. गुपचूप खाऊन घ्यावं, असं क्षणभर वाटलं. पण नंतर मी दोन दिवस पोट धरून पडले असते आणि मोठी आई स्वतःलाच दोष देत बसली असती. मी तिचा पिठाचा हात धरला आणि म्हणाले, "मोठी आई, ही पिठी गव्हाची आहे, एवढीही मला बाधते. वरणासकट सगळं पुन्हा करू या. या वेळी मी लाटते."