पिवळ्या बेदाण्याचा शिरा

माझा दमा पिवळ्या बेदाण्यानं उठतो. डॉक्टरांनी कारण सांगितलं, सल्फाइट. माल काळा पडू नये, टिकावा म्हणून ते वापरतात. सरबताच्या बाटलीत असतं, काही औषधांतही असतं. बहुतेकांना काही होत नाही, दम्याच्या काही लोकांना होतं. त्या काही लोकांत मी. नाशिकची सून आणि बेदाण्याचं वावडं, म्हणून सासरी माझी भरपूर चेष्टा झाली. होऊ दे.

गेल्या वर्षी आमच्या पंचवटीतल्या घरी सत्यनारायण होता. शिऱ्यातले बेदाणे मी बाजूला काढू लागले, तर सासूबाई म्हणाल्या, प्रसाद निवडायचा नसतो. खाल्ला. संध्याकाळी दवाखान्यात तोंडाला मास्क लावून बसले होते. छातीवर कुणी पाटा ठेवावा तसं झालं होतं, आणि मी भ्यायले होते.

यंदा आधीच सांगून ठेवलं. तरी शिऱ्यात बेदाणे पडले, कारण ते चुलत सासूबाईंनी आणले होते. त्यांच्याच बागेतले, त्यांच्याच शेडवर गंधकाची धुरी दिलेले, म्हणजे सल्फाइट आलंच. कथेत कलावती प्रसाद टाकून धावते आणि तिच्या नवऱ्याची नाव बुडते, तिथं सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं.

आरती झाल्यावर चुलत सासूबाई द्रोण घेऊन आल्या.

"घे गं. घरचा माल हाय. देवाच्या प्रसादानं काय व्हत नाय."

मी द्रोण कपाळाला लावला आणि पाटावर ठेवला. "नमस्कार केला. खाणार नाही."

"तिळाएवढा तरी घे. लय हट्टी हाय ही."

"हट्टीच आहे."

सासूबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अगं, लोक काय म्हणतील?"

मला राग आला. मी मोठ्यानं म्हणाले, "ते ऐकायला तरी मी जिवंत हवी ना?"

सासूबाईंनी माझा द्रोण उचलला, चौरंगावरचं एक केळं काढलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "हेही देवापुढचंच आहे."

मी ते तिथंच उभं राहून अख्खं खाल्लं. मग त्यांना विचारलं, हे गेल्या वर्षी का नाही सुचलं? तेही सगळ्यांसमोर.