मावशीला बंदी नसते

लाराबाचा आवाज असा, की गायीला मारलेली हाक विहिरीपलीकडच्या तळावर ऐकू जाई. दाकोरोच्या वरच्या माळावर, गुरं घेऊन फिरणाऱ्या फुलानी बायकांत तिच्यासारखी धार कुणी काढत नसे. दोरीला बांधलेल्या वासरांतलं एकेक नावानं हाक मारून सोडायची, की नेमकी त्याचीच आई पान्हवायची. सगळ्या कळपाची नावं तिच्या जिभेवर. एकच नाव तिनं कधी घेतलं नव्हतं.

ते नाव तलाता. आठ वर्षांची पोर, लाराबाच्या मोठ्या बहिणीची म्हणून वाढलेली. बहीण बाळंतपणात गेली हे खरं, पण तिचं बाळही तिच्याबरोबरच गेलं होतं. तलाता लाराबाचीच, पहिली. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली ती नवऱ्याच्या काठीचे वळ पाठीवर घेऊन, परत जायचं नाही हे ठरवूनच. पण पोर बापाच्या कुळाची, हा नियम. म्हणून तिच्या म्हाताऱ्या आईनं सासरी निरोप धाडला, मूल मेलेलंच जन्मलं.

फुलानी रीत अशी, की आई पहिल्या लेकराचं नाव घेत नाही. चारचौघांत त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. नवऱ्याचं नाव उखाण्यात तरी घेता येतं, इथं तेवढीही फट नाही. लाराबा तिला 'ए पोरी' म्हणायची, पोर तिला 'मावशी'. तळावर कुणाला खटकलं नाही.

त्या वर्षी पाण्यासाठी पांगलेले कळप एकाच विहिरीवर आले. त्यात लाराबाच्या नवऱ्याचा थोरला भाऊ बुबे, त्यांच्या कुळाचा म्होरक्या. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं, त्या पोरीची चाल तुमच्या घरची आहे. तो येऊन चटईवर बसला. लाराबानं कोरलेल्या भोपळ्यातून दूध पुढं ठेवलं. गुरांची, पावसाची, म्हातारीच्या गुडघ्यांची विचारपूस झाली. मग त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, ती विहिरीवरची पोर कुणाची. बहिणीची, लाराबा म्हणाली. आवाज हलला नाही.

"बरं. बोलाव की, बघू तरी."

"ए पोरी!"

विहिरीवरच्या पाचही पोरी वळल्या.

"पाची आल्या तर दूध पुरायचं नाही, लाराबा. नावानं बोलाव."

एक नाव. घेतलं असतं तर बुबे दूध पिऊन उठला असता. तिला ते कळत होतं. खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, नाव घ्यायला उघडेना. झोपडीतून तिची आई ओरडली, तलाता, ए तलाता. पण व्हायचा तो उशीर झाला होता.

बुबेनं भोपळा खाली ठेवला.

"मावशीला भाचीचं नाव घ्यायला कुणाची बंदी आहे गं?"

लाराबाला काहीच वाटलं नाही. भीती नाही, राग नाही. भोपळ्याच्या काठावर माशी फिरत होती, तेवढी दिसत होती.

"माझी आहे," ती म्हणाली.

बुबेनं मान हलवली. लबाडीबद्दल चकार शब्द काढला नाही. काढला असता तर भांडता तरी आलं असतं. उद्या पोर नेतो म्हणाला, आणि राहिलेलं दूध संपवलं.

सकाळी गाढवावर बसवताना पोरीनं विचारलं, "मावशी, तू कधी येणार?"

तळ बघत होता. आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं, त्यामुळं तिच्याकडे मान वर करून बघायचीही सोय उरली नव्हती. लाराबा वासरांच्या दोरीच्या गाठी चाचपत राहिली. गाढव निघालं. बायका म्हणाल्या, डोळ्यांतून टिपूस नाही, ही खरी फुलानी. असली वाहवा घाला चुलीत! पाठीवरच्या वळांचं बुबेला कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

संध्याकाळी गायी आल्या. लाराबानं पहिल्या वासराच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला नावानं हाक मारली. मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. पलीकडच्या तळापर्यंत ऐकू गेलं.